‘झोफला बसवा’: १९७८च्या चार गोलांनंतरचा एक निर्णय

छत्तीस वर्षांचा इटलीचा गोलकीपर. १९७८च्या फुटबॉल वर्ल्ड कपमध्ये लागोपाठ दोन सामन्यांत चार गोल खाल्ले, चारही लांबून. सगळा देश म्हणतोय, याला आता बसवा. प्रशिक्षक काही बसवत नाही. चार वर्षांनी तोच गोलकीपर, वय वर्षं चाळीस, संघाचा कर्णधार म्हणून वर्ल्ड कप उचलतो.

दिनो झोफची गोष्ट बहुतेक वेळा एवढीच सांगितली जाते. टीकाकारांचे दात कसे घशात घातले, वगैरे. मला ती तशी सांगण्यात फारसा रस नाही. १९८२चा कप ठाऊक असताना १९७८चा निर्णय शहाणपणाचा वाटणारच. कुतूहल वेगळंच आहे: जुलै १९७८मध्ये, पुढचं काहीही ठाऊक नसताना, प्रशिक्षक एन्झो बेआरझोतने झोफला ठेवलं ते बरोबर होतं का? त्याच्याकडे पुरावा काय होता? आणि ‘बसवा’ म्हणणाऱ्यांकडे काय होता?

त्याआधीचा झोफ

झोफचा जन्म २८ फेब्रुवारी १९४२चा, इटलीच्या ईशान्य टोकाला फ्रिउली भागातल्या मारियानो देल फ्रिउली या खेड्यातला. घर शेतकऱ्याचं. चौदाव्या वर्षी इंटर आणि युव्हेन्तुस या दोन्ही क्लबांनी त्याला चाचणीत पाहिलं आणि उंची कमी पडते म्हणून परत धाडलं. मग आजीने अंड्यांचा खुराक सुरू केला, दिवसाला आठ, आणि पाचेक वर्षांत पोरगं ३३ सेंटिमीटर वाढलं, हा किस्सा इटलीत सगळ्यांना पाठ आहे. त्यात अंड्यांचा वाटा किती आणि वयाचा किती, हे आजीलाच ठाऊक. दरम्यान पोराने मेकॅनिकचं काम शिकून घेतलं होतं, न जाणो फुटबॉल जमला नाही तर.

सेरी ‘आ’ या इटलीच्या अव्वल लीगमधला पहिला सामना सप्टेंबर १९६१मध्ये, उदिनेसेकडून, फिओरेन्तिनाविरुद्ध. पाच गोल खाल्ले. त्या हंगामात उदिनेसे खालच्या श्रेणीत घसरला. पुढे चार वर्षं मान्तोव्हा, पाच वर्षं नापोली. ना हे कप जिंकणारे क्लब, ना वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावरचे. राष्ट्रीय संघात यायला एप्रिल १९६८ उजाडलं. बल्गेरियाविरुद्ध नेपल्समध्ये पहिला सामना, आणि दोन महिन्यांत युरोपियन विजेतेपद. तरीही १९७०च्या वर्ल्ड कपला पहिली पसंती एन्रिको आल्बेर्तोसीलाच मिळाली आणि झोफ बाकावर बसून राहिला.

युव्हेन्तुसने त्याला घेतलं ते १९७२मध्ये, म्हणजे त्याच्या तिसाव्या वर्षी. सोळा वर्षांपूर्वी ज्यांनी उंचीवरून परत पाठवलं होतं, त्याच क्लबने. इतर खेळाडूंची जिथे उतरण सुरू होते तिथे या माणसाची चढण सुरू झाली, हे या प्रकरणात लक्षात ठेवायला हवं. तोरिनोच्या त्या क्लबमध्ये तो अकरा हंगाम खेळला आणि त्या अकरा हंगामांत लीगचा एकही सामना चुकला नाही. दुखापत नाही, सर्दी-पडसं नाही, निलंबन नाही. पहिल्याच हंगामात सेरी ‘आ’मध्ये सलग ९०३ मिनिटं गोल दिला नाही. राष्ट्रीय संघासाठी सप्टेंबर १९७२ ते जून १९७४ या काळात सलग १,१४२ मिनिटं. ती मालिका तोडली हैतीच्या एमान्युएल सानोंने, म्युनिकच्या वर्ल्ड कप सामन्यात, दुसरा अर्ध सुरू होतो न होतो तोच. १९७३च्या बॅलन डी’ऑरच्या, म्हणजे युरोपातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूच्या पुरस्काराच्या, मतदानात झोफ दुसरा आला. पहिला योहान क्रुइफ होता, त्यामुळे तक्रारीला जागा नव्हती.

त्याची शैली कशी होती हे सांगणं थोडं अवघड जातं, कारण तिच्यात दाखवण्यासारखं फार कमी. उड्या कमी. ओरडाआरडा त्याहून कमी. चेंडू जिथे येणार तिथे तो आधीच उभा असायचा, त्यामुळे त्याचा बचाव हा बचाव वाटायचाच नाही. क्रिकेटमध्ये चांगल्या यष्टीरक्षकाचं जसं असतं, दिवसभर त्याच्याकडे लक्ष गेलं नाही म्हणजे त्याने काम नीट केलं, तसंच हे. अशा माणसाचा तोटा असा की त्याच्या चांगल्या कामाची चित्रं कुणाच्या डोक्यात राहत नाहीत, चुकांची मात्र राहतात.

चार गोल

अर्जेंटिनातल्या त्या वर्ल्ड कपमध्ये इटलीने सुरुवात झकास केली. फ्रान्सला २-१, हंगेरीला ३-१, आणि मग यजमान अर्जेंटिनाला त्यांच्याच घरी, रोबेर्तो बेत्तेगाच्या गोलवर १-०. दुसरी फेरीही गटांचीच होती, गटात पहिला येणारा थेट अंतिम फेरीत. तिथे पश्चिम जर्मनीशी ०-०, ऑस्ट्रियाविरुद्ध १-०. पाच सामन्यांत झोफने दोन गोल खाल्ले होते. त्यातला हंगेरीचा पेनल्टीवर. खुल्या खेळात फक्त एक: फ्रान्सच्या लाकोंबचं हेडर, सामना सुरू होऊन मिनिटही झालं नसताना.

२१ जूनला ब्यूनस आयर्समध्ये गाठ नेदरलँड्सशी. एकोणिसाव्या मिनिटाला डच बचावपटू एर्नी ब्रांड्ट्सने चेंडू स्वतःच्याच गोलमध्ये घातला आणि त्याच धडकेत आपल्या गोलकीपरला जायबंदी केलं. मध्यंतराला इटली १-० पुढे. ४९व्या मिनिटाला त्याच ब्रांड्ट्सने लांबून सणसणीत फटका मारून परतफेड केली. ७६व्या मिनिटाला आरी हानने तिशीहून जास्त मीटरवरून चेंडू हाणला. तो वळत वळत पोस्टला लागून आत गेला. झोफ झेपावला, पण अर्ध्या क्षणाने उशिरा.

तीन दिवसांनी तिसऱ्या क्रमांकासाठी ब्राझीलशी सामना. फ्रांको काउझिओने इटलीला पुढे नेलं. ६४व्या मिनिटाला नेलिन्योने उजव्या बगलेवरून असा काही चेंडू मारला की तो आधी मैदानाबाहेर निघाल्यासारखा दिसला आणि मग वळून लांबच्या पोस्टच्या आत घुसला. तो गोल आजही लोक पुन्हा पुन्हा पाहतात. ७१व्या मिनिटाला दिर्सेउने बॉक्सबाहेरून चौथा मारला. इटली चौथी.

मायदेशी खापर फुटायला वेळ लागला नाही. झोफ म्हातारा झाला. झोफला लांबचं दिसत नाही. डोळे तपासून घ्या म्हणावं. ही शेवटची कोटी एवढी फिरली की पुढे कित्येक वर्षं ती त्याच्या नावाला चिकटून राहिली.

आरोप तपासून पाहिला तर

एक गोष्ट आधी मान्य करतो: हानच्या गोलमध्ये झोफचा वाटा होता. तिशीच्या पुढच्या अंतरावरून कितीही जोरात मारला तरी चेंडूला गोलपर्यंत यायला साधारण सेकंदभर लागतो. वरच्या दर्जाच्या गोलकीपरला एवढा वेळ पुरतो, बशर्ते चेंडू पायावरून सुटताना दिसला असेल आणि पाय योग्य जागी रोवलेले असतील. त्या क्षणी झोफची जागा किंचित चुकली होती. दिर्सेउच्या फटक्याबद्दलही वाद घालता येईल. नेलिन्योच्या गोलबद्दल मात्र मला तरी झोफला दोष देववत नाही. तसा चेंडू अडवायचा तर गोलकीपरने तो वळणार हे मारणाऱ्याच्या आधी ओळखायला हवं.

आता दुसरी बाजू. हानने तीन दिवसांपूर्वी, १८ जूनला, पश्चिम जर्मनीविरुद्धही असाच लांबून गोल मारला होता. समोर होता सेप मायर, १९७४च्या विश्वविजेत्या संघाचा गोलकीपर, त्या काळच्या सर्वोत्तमांपैकी एक. गंमत म्हणजे मायरचाही वाढदिवस २८ फेब्रुवारीच, फक्त दोन वर्षांनी धाकटा. तेव्हा ‘झोफला दिसत नाही’ म्हणायचं तर मायरलाही दिसत नव्हतं म्हणावं लागेल. त्यापेक्षा त्या जूनमध्ये हानचा उजवा पाय फॉर्मात होता, हे मानणं सोपं.

त्याहून महत्त्वाचा मुद्दा गुणतक्त्याचा. नेदरलँड्सने ऑस्ट्रियाला ५-१ हरवलेलं होतं, त्यामुळे गोलफरकात ते इटलीच्या बरेच पुढे होते. बरोबरी त्यांना पुरत होती, इटलीला जिंकणंच भाग होतं. म्हणजे ४९व्या मिनिटाला ब्रांड्ट्सने १-१ केलं तिथेच अंतिम फेरी इटलीच्या हातून निसटली होती. ती परत मिळवायची तर इटलीला आणखी एक गोल मारायला हवा होता, आणि अख्ख्या दुसऱ्या अर्धात तो काही झाला नाही. ज्या गोलवरून देशाने झोफला फाडून खाल्लं, त्या हानच्या गोलने निकालाचा आकडा बदलला, अंतिम फेरीचं गणित नाही. तिथे जबाबदारी आघाडीच्या फळीची होती. पण गोल न मारण्याला चेहरा नसतो. गोल खाण्याला असतो.

चारही गोल दुसऱ्या अर्धातले, चारही इटली आघाडीवर असताना किंवा आघाडी गमावून बसल्यावरचे, हेही जाताजाता पाहण्यासारखं. एक गोल पुढे गेलं की इटलीचा संघ मागे सरकून बसायचा. मधली फळी बॉक्सच्या तोंडाशी येऊन उभी राहायची आणि समोरच्याला पंचवीस-तीस मीटरवर आरामात चेंडू जमवून मारायला जागा मिळायची. गोलकीपरच्या दृष्टीने याचा अर्थ दुहेरी: फटके वाढतात, आणि स्वतःच्याच माणसांच्या गर्दीतून ते उशिरा दिसतात. ‘दिसत नाही’ हा आरोप त्या अर्थाने खरा होता. फक्त नेत्रतज्ज्ञाचा त्याच्याशी संबंध नव्हता.

बेआरझोतचं गणित

बेआरझोतही फ्रिउलीचाच, आयेल्लो देल फ्रिउली गावचा, झोफच्या गावापासून फार लांब नाही. तोरिनो क्लबकडून खेळलेला, राष्ट्रीय संघाकडून एकच सामना खेळायला मिळालेला, तोंडात कायम पाइप. गाववाला म्हणून त्याने झोफला सांभाळलं, असं म्हणणारे होते. मला ते पटत नाही, कारण भावनेशिवायही त्याच्याकडे पुरेसा आधार होता.

पहिला आधार रोजच्या कामाचा. त्या वेळच्या राष्ट्रीय संघाचा कणा युव्हेन्तुसचा होता. झोफच्या पुढे गाएतानो शिरेआ, क्लाउदिओ जेन्तिले, अंतोनिओ काब्रिनी. हे चौघे वर्षभर एकाच मैदानावर सराव करायचे. शिरेआ हा लिबेरो, म्हणजे बचावफळीच्या मागे मोकळा राहून पुढच्यांच्या चुका निस्तरणारा. अशा रचनेत गोलकीपर आणि लिबेरो यांच्यातलं न बोलता चालणारं समजणं फार मोलाचं. कुठला चेंडू कोणाचा, कधी बाहेर यायचं, कधी मागे पास द्यायचा. लक्षात घ्या, सहकाऱ्याने पायाने दिलेला बॅकपास हातात घेण्यावर बंदी आली ती १९९२मध्ये. तोवर अडचणीतला बचावपटू चेंडू गोलकीपरकडे द्यायचा आणि तो शांतपणे उचलायचा. संघाचा श्वास खाली बसवायचं ते साधन होतं, आणि झोफइतकं शांतपणे ते कोणी वापरत नसे. दौऱ्यावर झोफ आणि शिरेआ एकाच खोलीत राहायचे. दोघेही इतके अबोल की संघातल्या मार्को तार्देल्लीने त्या खोलीचं नाव ‘स्वित्झर्लंड’ ठेवलं होतं. झोप न येणारा तार्देल्ली रात्री तिथे जाऊन बसायचा.

दुसरा आधार पर्यायाचा. ‘बसवा’ म्हणणं सोपं, पण बसवून उभं कोणाला करायचं? रोमाचा पाओलो कोंती होता, इंटरचा इवानो बोर्दोन होता. दोघेही चांगले, आणि बोर्दोन तर झोफपेक्षा नऊ वर्षांनी लहान. १९८०मध्ये इंटरने लीग जिंकली तेव्हा गोलमध्ये तोच होता. तेव्हा पर्याय नव्हता म्हणून झोफ राहिला, असं मुळीच नाही. पर्याय होता, आणि या प्रकरणात बेआरझोतवर खरा आक्षेप घ्यायचा तर तो इथे घ्यावा लागतो: १९८२ला झोफ चाळिशीचा असणार हे माहीत असताना त्याने बोर्दोनला मोठे सामने फारसे दिले नाहीत. झोफला एखादी दुखापत झाली असती तर सगळं मुसळ केरात गेलं असतं.

तिसरा आधार सगळ्यात साधा: लीगमध्ये झोफचा खेळ घसरलेला दिसत नव्हता. युव्हेन्तुसने १९७७ आणि १९७८ अशी लागोपाठ दोन वर्षं लीग जिंकली होती. तीन तासांच्या खेळावरून सहा-सात वर्षांचा हिशेब रद्द करायचा का, असा तो प्रश्न होता. माझ्या मते बेआरझोतचं उत्तर त्या दिवशीही बरोबर होतं.

पडताळा दोन वर्षांनी मिळाला, तोही विचित्र वातावरणात. १९८०च्या मार्चमध्ये इटलीत सट्टेबाजीचं ‘तोतोनेरो’ प्रकरण फुटलं. पोलिसांनी थेट मैदानांवर जाऊन खेळाडूंना ताब्यात घेतलं. त्यात मिलानचा गोलकीपर होता, चाळिशीचा एन्रिको आल्बेर्तोसी, १९७०ला ज्याच्यासाठी झोफ बाकावर बसला होता तोच. राष्ट्रीय संघाचा आघाडीपटू पाओलो रोस्सीवर बंदी आली. मिलान खालच्या श्रेणीत ढकलला गेला. लोक फुटबॉलवर वैतागलेले असताना त्याच उन्हाळ्यात युरोपियन स्पर्धा इटलीत भरली. इटलीने गटात स्पेनशी ०-०, इंग्लंडवर १-०, बेल्जियमशी ०-०. झोफने एकही गोल दिला नाही. तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्यात चेकोस्लोव्हाकियाशी १-१ आणि मग पेनल्टीवर ८-९ हार. त्या शूटआउटमध्ये चेक खेळाडूंनी नऊपैकी नऊ पेनल्टी आत घातल्या. पेनल्टी हा झोफचा प्रांत कधीच नव्हता, हे त्याच्या चाहत्यांनीही कबूल करावं. पण खेळाच्या वेळेत चार सामन्यांत एक गोल, हा काही डोळे गेलेल्या माणसाचा आकडा नव्हे.

वीगो आणि बार्सिलोना

१९८२च्या स्पेनमधल्या वर्ल्ड कपची सुरुवात मात्र रडत-खडत झाली. वीगो शहरात पोलंडशी ०-०, पेरूशी १-१, कॅमेरूनशी १-१. तीन सामने, तीन बरोबऱ्या. कॅमेरूनचेही तेवढेच गुण. इटलीने दोन गोल मारलेले, त्यांनी एक, एवढ्यावर इटली पुढे सरकली. वर्तमानपत्रांनी झोडपून काढलं. बोनसच्या रकमेवरून, खेळाडूंच्या खासगी आयुष्यावरून, रोस्सीच्या निवडीवरून. शेवटी संघाने पत्रकारांशी बोलणंच बंद केलं. संघाच्या वतीने बोलायला एकच माणूस नेमला: कर्णधार. म्हणजे संघातला सगळ्यात कमी बोलणारा माणूस. यामागे कोणाचा खट्याळपणा असेल तर त्याला दाद द्यायला हवी.

संघात तेव्हा अठरा वर्षांचा जुझेप्पे बेर्गोमी होता. जाड मिशीमुळे सगळे त्याला ‘काका’ म्हणायचे. झोफ सेरी ‘आ’मधला पहिला सामना खेळला तेव्हा या काकांचा जन्मही झाला नव्हता.

दुसऱ्या फेरीत अर्जेंटिनाला २-१ हरवल्यावर ५ जुलैला बार्सिलोनाच्या सार्रिया मैदानावर ब्राझील. इथेही १९७८सारखंच गणित, बरोबरी समोरच्याला पुरणारी. रोस्सीने पाचव्या मिनिटाला गोल मारला. बाराव्या मिनिटाला सॉक्रेटिसने बरोबरी केली, आणि तो गोल नीट पाहा: चेंडू झोफ आणि जवळचा पोस्ट यांच्या मधून गेला. गोलकीपरला शाळेपासून शिकवतात की जवळचा पोस्ट तुझा. ही चूक होती, हानच्या गोलपेक्षाही उघड. ब्राझील तो सामना जिंकला असता तर ‘चाळिशीचा म्हातारा’ हे मथळे आधीच तयार होते. रोस्सीने दुसरा मारला, फाल्काओने ६८व्या मिनिटाला पुन्हा बरोबरी केली, रोस्सीने ७४व्या मिनिटाला तिसरा मारला.

आणि मग अगदी शेवटच्या मिनिटांत तो क्षण. डावीकडून आलेल्या चेंडूवर ब्राझीलचा बचावपटू ऑस्कर सगळ्यांच्या वर उडाला आणि त्याने जोरदार हेडर खाली, गोलरेषेकडे मारला. अंतर थोडं, कोन वाईट. झोफ रेषेवर आडवा झाला आणि चेंडू त्याने धरला. नुसता अडवला नाही, धरला. हे वेगळं सांगायचं कारण असं की अशा चेंडूवर बहुतेक गोलकीपर हाताने ढकलतात, जीव वाचवण्यासाठी तेही पुरे असतं. पण पुढ्यात ब्राझीलचे खेळाडू टपलेले असताना सुटलेला चेंडू म्हणजे बरोबरी, आणि बरोबरी म्हणजे घरचा रस्ता. झोफने तो दोन्ही पंजांत रेषेवर गच्च दाबून ठेवला. ब्राझीलच्या काही खेळाडूंनी हात वर केले, गोल म्हणून. झोफ जमिनीवरून मान उचलून रेफरी अब्राहम क्लाइनकडे पाहत होता. त्या ओरड्याने रेफरी फसेल की काय, ही भीती त्याने नंतर बोलून दाखवली. क्लाइन फसला नाही. सामना ३-२.

चार वर्षांपूर्वी ज्या हातांवर देशाने बोट ठेवलं होतं त्यांचा हिशेब या एका बचावाने चुकता झाला, असं लिहायचा मोह होतो. मी लिहिणार नाही. त्याच सामन्यात जवळच्या पोस्टचा गोलही त्याच हातांचा होता. एका दुपारी एका माणसाकडून दोन्ही झालं, आणि प्रशिक्षकाला हे दोन्ही गृहीत धरूनच निवड करावी लागते. सामना संपल्यावर झोफने जाऊन बेआरझोतच्या गालाचं चुंबन घेतलं. इतक्या वर्षांत लोकांनी पाहिलेला त्याचा हा सगळ्यात मोठा भावनोद्रेक.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. पोलंड २-०. ११ जुलैला माद्रिदच्या बेर्नाबेऊ मैदानावर पश्चिम जर्मनी ३-१. स्पेनच्या राजाकडून कप झोफने घेतला. प्रेक्षकांत राष्ट्राध्यक्ष सांद्रो पेर्तिनी होते, पंच्याऐंशी वर्षांचे, जागेवर उड्या मारणारे. परतीच्या विमानात पेर्तिनी, झोफ, बेआरझोत आणि काउझिओ पत्ते कुटत बसले, टेबलावर शेजारी कप. तो फोटो इटलीत आजही घराघरांत ओळखतात. टपाल खात्याने तिकीट काढलं ते चित्रकार रेनातो गुत्तुसोच्या चित्राचं: कप उंचावणारे हात. चेहरा नाहीच. झोफसाठी याहून योग्य चित्र सुचणं कठीण.

त्याच निष्ठेची दुसरी बाजू

प्रकरण इथे थांबवलं तर ते फारच सोयीचं होईल. ज्या बेआरझोतने १९७८ला पुराव्यावर बोट ठेवून संघ टिकवला, त्यानेच १९८२नंतर तोच संघ कृतज्ञतेपोटी टिकवला. या दोन गोष्टी बाहेरून सारख्याच दिसतात. १९८४च्या युरोपियन स्पर्धेच्या पात्रता फेरीत विश्वविजेत्या इटलीला आठ सामन्यांत एकच विजय मिळाला, तोही अगदी शेवटी, सायप्रसविरुद्ध. स्वीडन, रुमानिया, चेकोस्लोव्हाकिया, सगळे त्यांच्या पुढे गेले. या वेळी लीगमधला फॉर्म, पर्यायाचा दर्जा, वय, सगळे आकडे बदलाच्या बाजूने बोलत होते आणि प्रशिक्षक ऐकत नव्हता.

झोफने मात्र ते ऐकलं. २५ मे १९८३ला अथेन्समध्ये युरोपियन कपची, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या सर्वोच्च स्पर्धेची, अंतिम लढत होती, युव्हेन्तुस विरुद्ध हॅम्बुर्ग. नवव्या मिनिटाला फेलिक्स मागाटने बॉक्सबाहेरून डाव्या पायाने चेंडू उचलला आणि तो झोफच्या पलीकडून आत गेला. १-० हार. हा कप त्याला कधीच मिळाला नाही. चार दिवसांनी तो गोथेनबर्गमध्ये स्वीडनविरुद्ध राष्ट्रीय संघाकडून खेळला, इटली ०-२ हरली, आणि ११२ सामन्यांवर त्याने एक्केचाळिसाव्या वर्षी हातमोजे उतरवले. त्याला बसवायची वेळ बेआरझोतवर आलीच नाही. बाकीच्यांच्या बाबतीत ती आली, आणि त्याने ती टाळली. १९८६ला मेक्सिकोत फ्रान्सने इटलीला २-० हरवून बाद केलं, तेव्हा बेआरझोतने राजीनामा दिला. त्या दिवशी इटलीच्या गोलमध्ये जोव्हान्नी गाल्ली होता, वय अठ्ठावीस.